हलवलं की बोलायचं

मी गप्प बसले तर माझं पोट दुखतं, असं आमचे हे चारचौघांत सांगतात. खोटं नाही ते. एकतीस वर्षं मी कारखान्यात सुट्ट्या भागांचं स्टोअर सांभाळलं. साडेचार हजार वस्तू, हाताखाली तीन माणसं. तिथे गप्प बसून भागतच नाही. कुठला नट कुठे, कुठला पट्टा कुठल्या फळीवर, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. आणि स्टोअरमध्ये माझा एकच नियम होता: हलवलं की बोलायचं. खोका वीतभर सरकवला तरी मोठ्याने सांगायचं, "सहा नंबरचा खोका खालच्या फळीवर." दुसऱ्याने "ऐकलं" म्हणायचं, मगच खोक्यावरचा हात काढायचा. एकदा खुद्द मॅनेजरसाहेबांनी पाहुण्यांना दाखवायला म्हणून बेअरिंगचा डबा उचलला आणि भलत्याच कपाटात ठेवून दिला. मशीन दोन तास बंद. मी साहेबांना सगळ्यांसमोर झाडलं. साहेब लालेलाल झाले, पण त्यानंतर तेसुद्धा सांगून हलवायला लागले. ही गोष्ट मी दर जेवणाला सांगते. घरात ती सगळ्यांना पाठ आहे, बारक्याला सगळ्यांत जास्त.

बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय एकावन्न, वजन माझ्या दीडपट, पण आईने हाक मारलेलं नाव चिकटलं ते चिकटलं. शिवणयंत्रांचा मेकॅनिक आहे तो. तयार कपड्यांच्या कारखान्यात ऐंशी मशीन त्याच्या भरवशावर चालतात. चार वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांचा मागचा पडदा झिजायला लागला, आणि आता उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच त्याला कळतं. कारखान्याने त्याला काढलं नाही. काढतील कसे? मशीन बिघडलं की हा त्याच्यावर तळहात ठेवतो, पायडल दाबायला सांगतो, आणि डोळस माणसं वाकून बघत असतात तेवढ्यात सांगून मोकळा होतो की खालचा हुक घासतोय. हे मी जगाला मान ताठ करून सांगते. त्याला मात्र कधी सांगितलं नव्हतं. त्याला मी फक्त सूचना द्यायचे.

तो एकटा राहतो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली एक छोटं हॉटेल, हॉटेलच्या मागच्या दारावर याची स्वयंपाकघराची खिडकी. महिन्यापूर्वी किटलीच्या वाफेने त्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. मला सांगितलं नाही त्याने. मीच भेटायला गेले तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट बघून संशय आला, बाही वर केली आणि माझं डोकंच फिरलं. त्या दिवसापासून मी एकच धोशा लावला: खोल्या सोड, माझ्याकडे राहायला ये. आमच्या घरातली मागची खोली मी रिकामी केली, पलंग भिंतीला लावला, पडदेसुद्धा बदलले. पडदे कोणासाठी बदलले, असं ह्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. बारक्याचा भाडेकरार महिनाअखेरीला संपत होता. घरमालक त्या दिवशी सहा वाजता येणार होते. एकतर वर्षभराच्या नव्या करारावर सही, नाहीतर खोल्या दुसऱ्याला. मी खोल्या सोडत असल्याचं पत्र टाइप करून पर्समध्ये घालून फिरत होते.

बारक्या भांडत नाही. तो मुळात सावकाश बोलतो, आणि माझं बोलणं संपेपर्यंत थांबतो, म्हणजे त्याला थांबावं किती लागत असेल बघा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, असं करू. शेवटच्या दिवशी पाच वाजता ये. मी तुझ्यासमोर जेवण करतो. डाळभातासारखं मंद आचेवरचं नाही, मोठ्या जाळावरचं. तू खुर्चीत बसायचं. तुला एकदाही तोंड उघडावं लागलं नाही, तर मी इथेच राहणार आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. एक शब्द जरी बोलावा लागला, तर त्या क्षणी गॅस बंद करीन आणि तुझ्याबरोबर सामान घेऊन येईन."

"आणि मी मुद्दाम बोलले तर?"

"नाही बोलणार. तुझी जीभ लांब आहे, पण तू लबाड नाहीस."

झाली पैज. ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, बारक्या हरला, मी संध्याकाळी टेम्पो सांगून ठेवतो.

करायचं होतं थाई पद्धतीचं झटपट चिकन. हे त्याला खालच्या हॉटेलातल्या आचाऱ्याने शिकवलं होतं. हा आचारी बरीच वर्षं एका थाई हॉटेलात कढईवर होता. त्याच्या बायकोचं शिवणयंत्र बारक्याने दुरुस्त करून दिलं, तेव्हा आचारी म्हणाला, बदल्यात काय शिकवू? बारक्या म्हणाला, मला असं काही शिकव जे कानाने करता येईल. मग रोज दुपारी हॉटेल बंद असताना हा खाली जाऊन कढईशेजारी उभा राहायचा आणि ऐकायचा. मला हे सगळं नंतर कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी मी साडेचारलाच पोचले. माझ्याकडे त्याच्या घराची दुसरी किल्ली होती. बेल वाजवायची मला सवय नाही. तो घरात नव्हता, खाली आचाऱ्याकडे ताजी बेसिलची पानं आणायला गेला होता. मी स्वयंपाकघरात गेले आणि शेगडीच्या डाव्या हाताची फळी बघून माझे हात शिवशिवायला लागले.

काय ती फळी होती. फिश सॉसच्या बाटलीशेजारी काडेपेटी, तिच्या पलीकडे मिठाचा डबा तिरका, व्हिनेगर भिंतीला पाठ करून कोपऱ्यात, सोया सॉस पुढे, साखर बिस्किटांच्या जुन्या डब्यात. बाटल्यांच्या मानेला मळके रबरबँड गुंडाळलेले, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. माझ्या स्टोअरमध्ये कोणी अशी फळी लावली असती तर मी त्याला घरी पाठवलं असतं. अर्धा तास हातात होता. मी सगळं खाली काढलं, फळी पुसली, बाटल्यांचे चिकट बुंधे साबणाने धुतले, ते घाणेरडे रबरबँड काढून केराच्या डब्यात टाकले, आणि बाटल्या उंचीप्रमाणे ओळीत लावल्या. मोठी भिंतीकडे, लहान शेगडीकडे, लेबलं पुढे. काडेपेटी खालच्या खणात. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. सुरेख दिसत होतं. जेवण झालं की बारक्याला दाखवीन, असं मी मनात ठरवलं. दाखवीन म्हणे. माझ्या अकलेचं असं कधीकधी दिवाळं निघतं.

जिन्यावर पावलं वाजली. बारक्या आत आला, दारामागच्या खिळ्याला किल्ली अडकवली, हातातली पानांची जुडी नाकाजवळ नेली आणि म्हणाला, "आलीस तू. साबणाचा वास येतोय. भांडी घासत होतीस?"

"दोन कप पडले होते."

"बरं. पाच वाजले?"

"वाजले."

"मग आता तोंडाला कुलूप."

मी खुर्चीत बसले. खुर्ची त्याने ओट्यापासून चार पावलांवर, खिडकीशेजारी ठेवली होती. मांडीवर मी एक टॉवेल घेतला, तोंडात कोंबायला लागलाच तर.

आधी त्याने हात धुतले. फ्रीजमधून चिकनच्या मांड्या काढल्या, हाडं काढलेल्या. पाटावर ठेवून बोटांनी चाचपून बघितल्या, एके ठिकाणी चरबीचा तुकडा राहिला होता तो नखाने ओढून काढला. मग सुरी घेतली. मी खुर्चीतून अर्धी उठले. पण डाव्या हाताची बोटं त्याने आत मुडपली होती, सुरीचं पातं बोटांच्या सांध्याला टेकून खालीवर होत होतं, आणि बोटं मागे सरकली की तेवढीच सुरी सरकत होती. सगळे तुकडे करंगळीएवढे. मी डोळ्यांनी बघून कापते तर माझे दोन लहान आणि एक मोठा निघतो. त्याचा एक तुकडा दुसऱ्यापेक्षा वेगळा नव्हता. मशीनवर कापलं असं वाटलं असतं.

लसूण सुरीच्या पात्याने दाबून सोलला. मिरच्या मोजून सहा. दोन्ही खलबत्त्यात घालून जाडसर कुटलं. श्रावणघेवड्याच्या शेंगा हातानेच मोडल्या. मग वाट्या मांडल्या. डावीकडून पहिली लसूण-मिरचीची, दुसरी चिकनची, तिसरी शेंगांची, चौथी सोया सॉस, ऑयस्टर सॉस आणि चिमूटभर साखर यांच्या मिश्रणाची, ती त्याने सकाळीच करून झाकून ठेवली होती, आणि शेवटची पानांची. प्रत्येक वाटीला हात लावत तो एकदा इकडून तिकडे गेला. मी बघतच राहिले. जो माल आधी लागणार तो आधी, ज्या क्रमाने द्यायचा त्याच क्रमाने मांडलेला. हे माझं होतं. माझ्या स्टोअरमधलं. शाळेतून येऊन तो माझ्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायचा, तेव्हा मी नवीन माणसांना हेच शिकवत असायचे. मला वाटायचं, कार्ट्याचं लक्ष नाही. त्या वाट्या बघून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, खरं सांगते. आणि बोलायची तर सोय नाही.

मग त्याने ओट्याच्या कडेला टांगलेल्या लायटरने मोठी शेगडी पेटवली. नळ्यांमधून गॅस जोरात सुटला. कढई चढवली, तिच्यावर वीतभर उंच तळहात धरून उभा राहिला. बोट ओलं करून एक थेंब टाकला. थेंब चुरचुरला. "अजून नाही," तो म्हणाला, मला नाही, कढईला. दुसरा थेंब टाकला, तो चर्रकन उडाला. मग तेल, लगेच लसूण आणि मिरची.

मिरचीचा असा ठसका उठला की माझ्या नाकातोंडात गेला. मी टॉवेल दाबून खोकले, शिंकले, डोळ्यांतून पाणी काढलं.

"खोकला चालतो," बारक्या म्हणाला. "शब्द मोजायचे."

चिकन घातलं. मला वाटलं आता ढवळेल. नाही. तो उभा राहिला, उलथणं हातात, मान थोडी कलती. कढईत आधी फसफस चालली होती, ओलसर आवाज. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती: लागेल, अरे लागेल खाली, हलव. तो हलला नाही. मग त्या फसफशीत मधूनच तडतड सुरू झाली. पाणी आटलं होतं. त्याच क्षणी त्याने उलथणं खाली घातलं आणि सगळं उलटलं. वरची बाजू तांबूस, जशी पाहिजे तशी. शेंगा टाकल्या. मला कधीच जमलं नाही असं झालं होतं, आणि तेही मोठ्या जाळावर. मी मनातल्या मनात पत्र अर्धं फाडलं.

आता फिश सॉस. हा त्या मिश्रणात घालायचा नसतो, आचाऱ्याने त्याला बजावलं होतं, तापलेल्या कढईच्या कडेवरून सोडायचा, म्हणजे उग्रपणा जातो आणि वास उरतो. बाटलीची जागा पक्की होती, काडेपेटीला लागून, हात लांबवला की हातात. म्हणून त्याने ती आधी काढून ठेवली नव्हती. त्याचा डावा हात सरळ फळीवर गेला.

तिथे काडेपेटी नव्हती. हाताला लागली एक बाटली. त्याने ती उचलली, आणि त्याचा अंगठा बाटलीच्या मानेवरून फिरला. एकदा. पुन्हा एकदा.

तेव्हा मला कळलं. ते रबरबँड. फिश सॉसला एक, सोया सॉसला दोन, व्हिनेगरला तीन, किंवा असंच काहीतरी. ती त्याची लेबलं होती. मी एकतीस वर्षं दुसऱ्यांनी लेबल फाडलं म्हणून माणसं झाडली, आणि स्वतःच्या भावाची सगळी लेबलं काढून केरात टाकली होती. वर पुन्हा जागा बदलल्या होत्या. आणि सांगितलं नव्हतं.

त्याने ती बाटली ठेवली, शेजारची घेतली. अंगठा फिरवला. गुळगुळीत. ती ठेवली. कढईतली तडतड आता कोरडी व्हायला लागली होती, लसणाचा वास करपटाकडे झुकत होता. डावीकडून तिसरी, मला ओरडावंसं वाटलं, तिसरी रे. पण एक शब्द काढला की पैज तो हरणार, आणि हरणार माझ्या करणीने. बोलले नाही तरी हरणार, जेवण जळून. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तसं झालं होतं. आणि आणखी एक सांगते, लपवत नाही. मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी एक क्षण असंही आलं, की होऊ दे, आता तो माझ्याकडे येईल, पडदे लावलेत. तो क्षण माझाच होता. त्याची लाज मला अजून वाटते.

मी श्वास घेतला, बोलणारच होते.

"बोलू नकोस, ताई," बारक्या म्हणाला. "श्वास घेतलेला ऐकू आला मला."

आणि त्याने गॅस बंद केला. टक्. कढई फडक्याने धरून बाजूच्या बंद शेगडीवर घेतली, ताट ओढलं, चिकन आणि शेंगा ताटात काढल्या. एक तुकडा सांडला नाही. मग फळीकडे तोंड करून उभा राहिला. हात डावीकडून सुरू केला, पहिली बाटली. झाकण उघडलं, नाकाशी नेली, झाकण लावलं. व्हिनेगर. खिशात हात घातला. त्याच्या शर्टाच्या खिशात दोऱ्याचं रीळ कायम असतं, मेकॅनिकच ना तो. हातभर दोरा काढला, दाताने तोडला, बाटलीच्या मानेला तीन वेढे आणि गाठ. दुसरी उघडली, सोया सॉस, दोन वेढे. तिसरी उघडायच्या आधीच त्याला वास लागला असावा, कारण तो किंचित हसला. एक वेढा. मग बाकीच्या. सात बाटल्या आणि दोन डबे. घाई नाही, आदळआपट नाही, माझ्या नावाने एक चकार शब्द नाही. फिश सॉस शेगडीजवळ आणून ठेवला. काडेपेटी सापडली नाही, तिथे त्याने मिठाचा डबा ठेवला, त्याला हात लावून बघितला, आणि मान हलवली.

मी खुर्चीत बसून रडत होते. मिरचीमुळे नाही. त्याच्या जागी मी असते तर जाळ तसाच ठेवून बाटल्या पाडल्या असत्या, आरडाओरडा केला असता, आणि मग जगाला दोष दिला असता. माझ्या भावाला थांबता येत होतं. आणि अशा माणसाला मी पडदे लावलेल्या खोलीत न्यायला निघाले होते.

शेगडी पुन्हा पेटली. तळहात, थेंब, चर्र. चिकन परत कढईत. फिश सॉस कढईच्या कडेवरून गोल फिरवला, असा वास उठला की खिडकीखालून कोणीतरी "वा" म्हणालं. मागोमाग चौथी वाटी, उलथण्याचे सात-आठ हात, गॅस बंद, वरून पानं. पानं कढईच्या गरमीनेच मऊ पडली. हे सगळं व्हायला, मी घड्याळ बघत होते, पावणेदोन मिनिटं लागली.

त्याने दोन ताटांत भात वाढला, बाजूला चिकन घातलं. एक ताट माझ्या हाताच्या दिशेने पुढे केलं आणि म्हणाला, "पैज संपली. घे. आंधळं दळतंय, आता तू पीठ खा."

मी बोलले नाही.

"ताई, संपली पैज. बोल की."

बोलायचं खूप होतं, पण आवाजच फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा मला परवानगी देऊन बोलायला सांगितलं होतं कोणी, आणि माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. तो घाबरला. खरंच घाबरला, ताट ठेवून माझा खांदा चाचपला त्याने.

"रबरबँड मी काढले," मी म्हणाले. "केरात टाकले. बाटल्यापण मीच लावल्या."

"माहीत आहे."

"कसं?"

"या घरात इतकं सरळ ओळीत काहीच उभं नसतं." मग, नेहमीसारखा सावकाश, "हलवलं की बोलायचं ना गं? मॅनेजरला झाडलं होतंस तू."

तोंडात मारल्यासारखं झालं. आणि तो हसत होता. मला राग यायला पाहिजे होता, मला कोणी माझाच नियम शिकवलेला चालत नाही. पण मी ताट उचललं आणि खाल्लं. पहिल्या घासाला मिरची नाकात गेली, मागून गोडसर, खारट, मग त्या पानांचा वास. मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला.

"खरं सांग," तो म्हणाला.

"चिकन किंचित चिवट झालंय."

"मधे ताटात थांबलं ना. तेवढं तुझ्या खात्यावर."

"बाकी," मी म्हणाले, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं, "बाकी बारक्या, असं मी कुठे खाल्लं नाही. आणि हे मी जेवणाबद्दल बोलत नाहीये. मला तुझा अभिमान वाटतो. तुझ्या मशीनांचापण वाटतो. लोकांना सांगत फिरते मी, तुला सोडून सगळ्यांना."

तो भात कालवत राहिला बराच वेळ, कालवून झाला होता तरी.

खिडकीखालून आचारी ओरडला, "काय झालं? शेगडी मधेच बंद का झाली?" तो बिचारा मागच्या दारात क्रेटवर बसून कांदे सोलत सगळं ऐकत होता. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय व्हायचंय? माझा भाऊ आहे तो," मी म्हणाले. "तुम्ही शिकवलंत, मान्य. पण जागेवर बाटली नसताना तुम्हाला तरी जमेल का, विचारा स्वतःला." आचारी हात जोडून हसला.

सहाला घरमालक आले. भले गृहस्थ आहेत, पण सवय वाईट. बारक्या समोर बसलेला असताना कागद माझ्यापुढे धरून मला विचारतात, "यांना एकट्याला जमेल ना हो? नाही, स्वयंपाक वगैरे, गॅसचं काम."

दोन तासांपूर्वी मी म्हणाले असते, तेच तर मी सांगतेय. आता माझं डोकं सटकलं. "मला काय विचारता? भाडेकरू समोर बसलाय. त्यालाच विचारा. आणि कढईत राहिलंय थोडं, खाऊन बघा, म्हणजे उत्तर मिळेल."

त्यांनी खाल्लं. दोनदा घेतलं. बारक्याने कागदावर पट्टी लावून, पट्टीच्या वरच्या कडेने सही केली, सरळ, माझ्यापेक्षा सरळ. साक्षीदार म्हणून खाली मी केली. घरमालक गेल्यावर पर्समधलं पत्र काढून मी त्याचे चार तुकडे केले.

"काय फाडलंस?" बारक्याने विचारलं.

"तुझं सामान," मी म्हणाले. "टेम्पो रद्द."

तो बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत जाऊन बसला. मी भांडी घासायला घेतली, ते त्याने करू दिलं. कढई घासून पुसली, जागा शोधायला लागले, आणि थांबले.

"कढई कुठे?" मी विचारलं. एवढ्या वर्षांत त्या स्वयंपाकघरात मी विचारलेला तो पहिला प्रश्न असेल.

"मोठ्या शेगडीवर, पालथी."

"कढई मोठ्या शेगडीवर पालथी," मी मोठ्याने म्हणाले.

"ऐकलं."

"उलथणं खिळ्याला. काडेपेटी खालच्या खणातून काढून फळीवर, फिश सॉसला लागून."

"ऐकलं."

"रबरबँड केरातून काढले, धुतले, वाळत टाकलेत. खिडकीच्या गजाला. उद्या तू घाल, मी हात लावणार नाही."

"ऐकलं," तो म्हणाला. आवाजात हसू होतं.

मी चपला घातल्या, पर्स घेतली. पर्समधून त्याच्या घराची दुसरी किल्ली काढली. चार वर्षं होती ती माझ्याकडे, मी हवी तेव्हा आत शिरायचे, हवं ते उचलायचे, हवं तिथे ठेवायचे. ती मी त्याच्या किल्लीशेजारी अडकवली.

"तुझी दुसरी किल्ली दारामागच्या खिळ्याला," मी म्हणाले.

बाहेरच्या खोलीत आरामखुर्ची करकरली.

"ऐकलं," बारक्या म्हणाला. मग म्हणाला, "रविवारी येशील ना? बेल वाजव. दार मी उघडतो."